पार्किंगमधला किल्ला नेमका कुणाला नडतो?

दिवाळीच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो : 'कॉमन एरियात किल्ला करण्यास सक्त मनाई. बाल्कनीबाहेर कंदील लावू नये. - कमिटी.' खाली पाच-सहा अंगठे पडतात आणि विषय संपतो. गेल्या दिवाळीत आमच्याकडेही हेच झालं. तळमजल्यावरच्या पोरांनी विटा आणि पोती आधीच जमवली होती. दोन दिवसांनी ती सगळी भंगारात गेली.

११ जुलै २०२५ला आपल्या शिवकालीन किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. एकूण बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पण माची कुठे, बुरूज कुठे, महादरवाजा कुठे हे आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कळलं ते चिखलात हात घालून, अळीव पेरून आणि मावळे मांडून. रायगडाचा गौरव करायचा आणि चार बाय चारच्या रायगडाला पार्किंगमध्ये बंदी घालायची, हे काही पटत नाही.

कमिटीचं सगळंच चुकतं असंही नाही. अग्निशमन दलाची गाडी आत यायला रस्ता मोकळा लागतोच. ड्रेनेजमध्ये माती गेली की पाणी तुंबतं. लाइटच्या माळेचे उघडे जोड धोक्याचे असतात. आणि खरं सांगायचं तर दिवाळी संपली की किल्ल्याकडे कुणी फिरकत नाही. तो चिखल शेवटी सफाईवाल्या मावशींच्या वाट्याला येतो. ही चूक कमिटीची नाही, आपली आहे.

पण यातल्या प्रत्येक अडचणीवर साधा नियम करता येतो. जागा आणि आकार आधी ठरवा. कंदील पक्का बांधलेला हवा, वायर धड हवी. तुळशीचं लग्न झालं की किल्ला हटवायचा आणि जागा धुऊन द्यायची, तीही ज्यांनी केला त्यांनीच. न धुतल्यास पुढच्या वर्षी परवानगी नाही. सरसकट बंदी सोपी असते, कारण तिच्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

बोलायची जागा मात्र आहे. सहकार कायद्यानुसार सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, म्हणजे दिवाळीच्या आधीच. सजावटीचे नियम तिथे, सगळ्या सभासदांसमोर ठरू शकतात. आयत्या वेळी मेसेज टाकायची गरजच उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या नावावर फ्लॅट नाही, त्यामुळे सभेत मत नाही. पण आई-बाबांना आहे, आणि ते बहुधा त्या सभेला जातच नाहीत. यंदा त्यांना पाठवा. त्याआधी सेक्रेटरी काकांना एक पानी पत्र द्या : किल्ला कुठे करणार, केवढा करणार, साफ कोण करणार. खाली पोरांची नावं आणि सह्या. मेसेजखाली अंगठा टाकण्यापेक्षा यात जरा जास्त वेळ जाईल. पण पोरांची पोती भंगारात जाणार नाहीत.