कल्पनाविश्वातील नाती आणि वास्तवातील बंधने

अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही संगणक खेळ तयार करणारी कंपनी सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि त्याचे सहकारी गुंतवणूकदार सुमारे ५५ अब्ज डॉलर्सना विकत घेणार असल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. हा विषय अर्थजगतापुरता मर्यादित राहिला नाही. या कंपनीच्या ‘द सिम्स’ आणि ‘ड्रॅगन एज’ या खेळांत समलिंगी नात्यांना अनेक वर्षांपासून स्थान आहे. सौदी अरेबियात मात्र असे संबंध हा गुन्हा मानला जातो. त्यामुळे या खेळांतील मोकळेपणा टिकेल का, अशी चिंता अनेक खेळाडूंनी व्यक्त केली.

या चिंतेला भारतातील एका घटनेची पार्श्वभूमी आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच कंपनीने ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ हा खेळ भारतीय बाजारपेठेतून मागे घेतला. स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे कंपनीने सांगितले. त्याआधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ कायम ठेवले होते. त्यामुळे खेळातील समलिंगी प्रसंग हेच माघारीचे कारण असावे, असा तर्क त्यावेळी करण्यात आला. हा निर्णय कंपनीने स्वतःच घेतला होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. कायद्याच्या धाकाने होणारी स्वयंनियंत्रणाची कृती बंदीपेक्षा अधिक शांतपणे होते आणि तिच्याविरुद्ध दाद मागणेही कठीण असते.

या खेळातील डोरियन हे पात्र या संदर्भात लक्षणीय आहे. तो उमराव घराण्यातील जादूगार आहे. त्याने कुलीन घराण्यात विवाह करून वंश पुढे न्यावा, अशी कुटुंबाची अपेक्षा असते. त्याला पुरुषांविषयी आकर्षण वाटते, हे उघड झाल्यावर त्याचे वडील निषिद्ध जादूच्या साहाय्याने त्याचा स्वभावच बदलू पाहतात. वंश, प्रतिष्ठा आणि विवाह यांची ही सांगड भारतीय वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ज्या समाजाला ही कथा जवळची वाटली असती, त्याच समाजात ती त्यावेळी विक्रीस आली नाही.

अशा खेळांतील समलिंगी पात्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मध्ययुगीन वातावरणात अशी मोकळीक अवास्तव वाटते, असे आक्षेप घेणारे म्हणतात. परंतु जेथे ड्रॅगन उडतात आणि मंत्राने मृत उठतात, तेथील रूढीही लेखकानेच घडवलेल्या असतात. २०११ मधील ‘स्कायरिम’ या खेळात विवाहासाठी लिंगाची अट नाही आणि त्यामुळे त्या जगाचा डोलारा कोसळला नाही. कल्पित जगात कोणाला स्थान द्यायचे, हा सर्वस्वी निर्मात्यांचा निर्णय असतो.

मात्र खेळात पात्रांना स्थान मिळाले म्हणजे खेळाडूंनाही सन्मान मिळाला, असे मानता येणार नाही. २००६ च्या प्रारंभी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात एका महिला खेळाडूने समलिंगी व्यक्तींचे स्वागत करणाऱ्या संघाची जाहिरात केली. इतरांकडून त्रास होण्याची शक्यता दाखवून कंपनीने तिलाच ताकीद दिली. टीका झाल्यानंतर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. त्रास देणाऱ्याला आवरण्याऐवजी ज्याला त्रास होऊ शकतो त्यालाच गप्प बसवायचे, ही प्रवृत्ती आपल्या घरांत आणि शाळांतही आढळते.

भारतातील कायदेशीर स्थिती त्यानंतर बदलली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाच्या अखत्यारीतील असल्याचे सांगितले. म्हणजेच जो विवाह कल्पनाविश्वात सहज होतो, तो भारतात आजही कायद्याने होऊ शकत नाही.

घरी मन मोकळे करता न येणाऱ्या तरुणासाठी असा खेळ हा केवळ विरंगुळा नसतो. आपण जसे आहोत तसे वावरता येईल, अशी कदाचित ती एकमेव जागा असते. कंपनीची मालकी किंवा बाजाराचे गणित बदलल्यामुळे ती जागा आक्रसणार असेल, तर त्याची किंमत अशाच खेळाडूंना मोजावी लागेल. त्यामुळे या व्यवहाराचे मूल्यमापन केवळ डॉलर्समध्ये करून भागणार नाही.