शाळेचे मैदान

खेड्यातील शाळेला चार पैसे मिळावयाचे झाले, की गावात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की या पैशांचे करावयाचे काय? कोणी म्हणतो, दोन नव्या खोल्या बांधाव्या. कोणी म्हणतो, खोल्या आहेत तेवढ्या पुरेत. शहरातल्या शाळेत असतो तसा मोठा पडदा भिंतीवर लावावा. कोणाला छत असलेले प्रशस्त क्रीडागृह हवे असते, तर कोणाला मुलांचा एक संघ निवडून त्यास जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तयार करावयाचे असते. या सर्वांच्या इच्छा चांगल्याच आहेत. परंतु इच्छा अनेक आणि पैसा थोडा, अशी स्थिती असता कोणती गोष्ट आधी व कोणती मागाहून हे ठरविणे, यातच शहाणपणाची खरी कसोटी असते. गावोगावच्या शाळांतून पस्तीस वर्षे काढलेल्या एका जुन्या शिक्षकास या बाबतीत जे वाटते, ते येथे मांडावयाचे आहे.

हा निर्णय कोणी करावयाचा, हे प्रथम पाहू. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. पुढे २००९ साली मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संसदेने मंजूर केला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्यान्वये शाळेसाठी व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप वा पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करण्याचे काम याच समितीचे आहे. म्हणजे 'वरून येईल ते घ्यावे' असे म्हणून हात जोडून बसण्याचे दिवस मागे पडले आहेत. शाळेस काय हवे, हे सांगण्याचा अधिकार गावाला आहे; आणि जेथे अधिकार आहे, तेथे विचार करण्याची जबाबदारीही आहे.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेपाशी काय काय असले पाहिजे, याची एक यादी दिलेली आहे. पक्की इमारत, मुलांना व मुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, ग्रंथालय, खेळाचे साहित्य, कुंपण आणि मैदान. मैदान हे या यादीत हौसेची वस्तू म्हणून आलेले नाही. फळा आणि पाणी यांच्याच पंक्तीस ते बसविले आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तथापि गावच्या बैठकीत मैदानाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'खेळून का कोणाचे पोट भरले आहे?' हा प्रश्न विचारणाऱ्यास हसणे बरे नव्हे. ज्याच्या शेतात पाऊस वेळेवर पडत नाही आणि ज्याच्या घरी मुलाच्या वह्यापुस्तकांसाठी मजुरीचे पैसे बाजूला काढावे लागतात, तो बाप मुलाचा प्रत्येक तास तोलून पाहणारच. दुसरा कोणी म्हणतो, 'आमची मुले शेतात राबतात, गुरे वळतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला?' पण श्रम आणि खेळ यांत मोठा भेद आहे. श्रमाने शरीराला एकाच तऱ्हेचे वळण लागते. खेळाने सर्व अंग लवचीक होते. श्रमात मूल दुसऱ्याच्या आज्ञेने चालते. खेळात ते स्वतः नियम मान्य करते आणि स्वतःच ते पाळते. शिवाय आता किती मुले शेतात राबतात? पुष्कळ मुले घराच्या ओट्यावर बसून हातातील मोबाइलमध्ये डोळे रोवून असतात. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगाला चांगली हालचाल द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही साठ मिनिटे खेड्यातील मुलाला कोठे मिळणार? रस्त्यावर वाहने आहेत, अंगण आखूड झाले आहे. उरते ते शाळेचे मैदानच.

आपल्या खो-खोचेच उदाहरण घ्या. आठ गडी पाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले असतात आणि नववा धावत असतो. बसलेल्याने उतावीळ होऊन चालत नाही, धावणाऱ्याने एकट्यानेच गडी टिपण्याचा हट्ट धरून चालत नाही. योग्य क्षणी खो देणे म्हणजे आपल्या हातचे काम विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविणे होय. हा धडा पुस्तकातून देता येतो, पण पुस्तकातून तो अंगी उतरत नाही. या खेळाला १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांची चौकट घालून दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने अजिंक्यपद मिळविले.

आता या खेळाला जागा किती लागते पाहा. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. म्हणजे सुमारे सव्वाचार गुंठे. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडे अधिक. भोवतालची मोकळी जागा धरली, तरी दहा गुंठ्यांत ही दोन्ही मैदाने बसतात. चुन्याच्या फक्कीच्या रेघा, दोन खांब आणि एक शिट्टी, एवढ्या साहित्यावर शंभर मुलांचा खेळ उभा राहतो. गरीब गावाला परवडणारी आणि कोणत्याही मुलाला वगळून न ठेवणारी अशी संपत्ती दुसरी कोणती दाखविता येईल?

दुसऱ्या बाजूला काही उत्साही मंडळी असतात. त्यांना मैदान किरकोळ वाटते. त्यांचे डोळे पदकाकडे लागलेले असतात. या मंडळींना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगावी. कराडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मलेला हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून आला. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. त्यानंतर असे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हा त्याग थोर आहेच. परंतु त्या सात हजारांनी मल्ल घडला नाही, घडलेला मल्ल परदेशी गेला. तो घडला होता तांबड्या मातीत, वडिलांच्या हाताखाली, गावच्या तालमीत.

तरीही या गोष्टीची दुसरी बाजू लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. मातीत वाढलेल्या त्यांच्या पायांना गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. यावरून दोन गोष्टी कळतात. मातीवाचून प्रारंभ होत नाही; आणि शिखर गाठावयाचे तर केवळ माती पुरत नाही, गादीही हवी. प्रश्न एवढाच, की गादी कोठे असावी? ती प्रत्येक गावी असू शकत नाही. धावण्याच्या चारशे मीटरच्या आखीव मार्गाला सुमारे चार एकर जमीन लागते. लहानशा गावाने तो हट्ट कशाला धरावा? अशा सोयी तालुक्याच्या ठिकाणी असाव्या, आणि दहा-बारा शाळांच्या प्रत्येक केंद्राने आपल्यातील होतकरू मुलांना पाळीपाळीने तेथे पाठवावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण दहा घरांनी मिळून अंथरूण मोठे करता येते, हेही तितकेच खरे.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीची अंतिम फेरी गाठली. या धावपटूला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले, ते सैन्यात दाखल झाल्यानंतर. आपल्या गावची मुले देशाचे नाव उज्ज्वल करतात म्हणून आपण ढोलताशे वाजवितो, ते ठीकच. पण ज्यांना सैन्याचे दार सापडले नाही, ज्यांचे पाय तसेच वेगवान होते आणि ज्यांची वेळ घड्याळ लावून कोणी कधी मोजलीच नाही, अशी मुले किती असतील? त्यांची गणना कोठेही होत नाही.

मुलींच्या बाबतीत तर ही हानी दुप्पट आहे. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. गुण मुलींत नाही असे म्हणण्यास आता कोणासही तोंड राहिलेले नाही. असे असता सातवी-आठवीत गेलेली मुलगी मैदानावरून नाहीशी का होते? शाळेत कपडे बदलण्यास आडोसा नसतो, स्वच्छतागृहात पाणी नसते, आणि संध्याकाळी उशीर झाला तर घरी बोलणी बसतात. क्रीडागृहासाठी लाखांचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी आधी या आडोशाचा आणि पाण्याचा हिशेब करावा. ज्या मैदानावर गावची निम्मी मुले येऊ शकत नाहीत, ते मैदान गावाचे कसे म्हणावे?

म्हणून क्रम असा असावा असे वाटते. पहिल्याने पिण्याचे पाणी व वापरती स्वच्छतागृहे. दुसऱ्याने सपाट मैदान. त्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवावा आणि पावसाचे पाणी निघून जाण्यास कडेने चर खणावा. तिसऱ्याने खेळ शिकविणारा माणूस. शंभरांहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे कायदाच सांगतो; त्या जागेची मागणी गावाने नेटाने करावी. मैदान आहे आणि शिकविणारा नाही, तर तेथे गुरे चरतात. चौथ्याने चेंडू, दोर, लेझीम असे साधे साहित्य. आणि हे सर्व झाल्यावर उरलेल्या पैशांतून इमारतीचा विचार. त्यातही बांधण्याच्या खर्चाबरोबर राखण्याचा खर्च मांडला पाहिजे. उद्‌घाटनाला माणसे पुष्कळ येतात. पण दुसऱ्या वर्षी फुटलेली काच बसविण्यास कोणी येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट पैशाहून महत्त्वाची आहे. शाळेच्या मैदानाची नोंद सातबाऱ्यावर शाळेच्या नावे आहे की नाही, हे प्रत्येक समितीने स्वतः पाहावे; नसल्यास सरकारी मोजणी करून घ्यावी व कुंपण घालावे. आज एका कोपऱ्यात कोणी कडब्याची गंज रचतो, उद्या दुसरा टपरी टाकतो, परवा रस्ता मधूनच जातो; आणि पाहता पाहता मुलांची जमीन कागदावरही उरत नाही. पडलेली खोली पुन्हा बांधता येते. गेलेले मैदान परत मिळत नाही.

खेळामुळे सगळीच मुले पदके आणतील, अशी आशा कोणी धरू नये. 'पी हळद आणि हो गोरी' हा न्याय खेळाला लागू पडत नाही. शंभरांतील एखादे मूल तालुक्याला जाईल, हजारांतील एखादे राज्याला. परंतु उरलेली सारी मुले हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविण्यास शिकतील, दमलेल्या सोबत्यासाठी थांबण्यास शिकतील, निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी पंचाचा शब्द मानण्यास शिकतील. हीच मुले पुढे ग्रामसभेत बसणार आहेत. गावाचा कारभार कसा चालावा, हे ज्या गावांना मनापासून वाटते, त्यांनी आपल्या शाळेचे मैदान आज कोणत्या स्थितीत आहे, हे एकदा जाऊन पाहावे. आणि पुढच्या बैठकीत पहिला ठराव त्याचाच मांडावा.