जॉयस्टिक आणि आखाडा

खेळांच्या साधनांकडे पाहिलें असतां असें दिसतें कीं, जें साधन मनुष्याचे श्रम वांचवितें तें त्यास लवकर प्रिय होतें. आणि जें श्रम वांचवूनही श्रम केल्याचें समाधान देतें तें त्याहूनही लवकर प्रिय होतें. संगणकावरील खेळांसाठीं निघालेली, हाताची हालचाल ओळखणारी जॉयस्टिक ही ह्या दुसऱ्या जातीची आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

जॉयस्टिक हा शब्द मूळचा वैमानिकांचा. विमान हांकणाऱ्याच्या गुडघ्यांमध्यें जो दांडा असे त्यास तें नांव पडलें, आणि पुढें तो दांडा टेलिव्हिजनसमोर बसलेल्या मुलांच्या हातीं आला. ह्या जुन्या दांड्याचें बूड एका जागीं स्थिर ठेवावें लागे. १९८१ सालीं अमेरिकेंत डेटासॉफ्ट नांवाच्या कंपनीनें बूडच नसलेला एक दांडा विक्रीस आणिला. त्याच्या पोटांत पाऱ्याच्या कळा होत्या. दांडा कलला कीं पारा ओघळून तारांस भिडे आणि पडद्यावरील चित्र त्या बाजूस सरके. ही युक्ति त्या वेळीं फारशी रुजली नाहीं. परंतु २००६ च्या नोव्हेंबरांत निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीनें ‘वी’ नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें, आणि त्याचे दहा कोटींहून अधिक नग जगभर खपले. त्या यंत्राचें उत्पादन आतां बंद झालें आहे. पण त्याच्या वंशजांस तोटा नाहीं. इतकेंच नव्हे, तर साताऱ्यांत किंवा सांगलींत ज्याच्या खिशांत बरासा मोबाईल फोन आहे, त्याच्या खिशांत हालचाल ओळखणारी जॉयस्टिकही आहेच. फोन डावीकडे कलवून पडद्यावरची मोटार वळविणारा मुलगा कोणीं पाहिला नाहीं?

ह्या खेळांच्या बाजूनें बोलणारे पालक म्हणतात कीं, आमचा मुलगा आतां बसून नुसतीं बटणें दाबीत नाहीं. तो उभा राहतो, हात फिरवितो, त्यास दमही लागतो. मग हा व्यायाम नव्हे तर काय?

ह्याचें उत्तर यंत्राच्या पोटांत शिरल्यावांचून मिळावयाचें नाहीं. पुण्याहून साताऱ्यास येणाऱ्या एस. टी. गाडींत उभे असलेले उतारू डोळ्यांपुढें आणावे. गाडी निघाली कीं ते मागें झुकतात, थांबली कीं पुढें येतात, आणि घाटाच्या वळणांवर एकमेकांच्या अंगावर रेलतात. खिडक्या सर्व बंद असल्या तरी ह्या झोकांवरून गाडीनें काय केलें हें सहज ताडतां येईल. जॉयस्टिकच्या आंत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो ह्या उतारूसारखाच वागतो. हात झटकला कीं तो क्षणभर मागें राहतो, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासून त्याचें अंतर किंचित् बदलतें, त्याबरोबर तेथील विद्युत् सांठविण्याची शक्ति बदलते, आणि तेवढ्या फरकावरून यंत्र हाताचा झोक ओळखतें. हात किती फिरला हें नेमकें सांगणारा जायरोस्कोप नांवाचा दुसरा भाग ‘वी’ ला २००९ सालीं जोडण्यांत आला. रचना खरोखर कौतुकास्पद आहे, आणि ती ज्यांस सुचली त्यांच्या बुद्धीस आम्ही मनापासून मान देतों. परंतु उतारूंच्या झोकावरून गाडीच्या टपावर किती ओझें आहे हें कळत नाहीं. तसेंच जॉयस्टिकला हात हलला एवढें कळतें. तो हलवितांना खांद्यानें, पाठीनें, कमरेनें व पायांनीं कांहीं काम केलें कीं नाहीं, हें कळावयास तिला मार्गच नाहीं.

मुलें हें मोठ्यांच्या आधीं ओळखतात. ‘वी’ वरील टेनिसमध्यें चेंडूकडे धांवण्याचें काम पडद्यावरील बाहुली आपोआप करी. खेळणाऱ्यानें वेळ साधून हात फिरविला कीं झालें. पहिल्या दिवशीं मुलगा सबंध खांद्यांतून हात फिरवितो. चार दिवसांनीं त्यास उमगतें कीं मनगटाच्या झटक्यानेंही तेंच साधतें. आणि मग तो कोचावर रेलून सामना जिंकतो. ह्यांत त्याची लबाडी मुळींच नाहीं. थोडक्या श्रमांत कार्य साधणें ही बुद्धीचीच खूण आहे. चूक त्या खेळास व्यायाम म्हणणाऱ्यांची. आरंभीं कांहीं लोक इतक्या आवेशानें हात फिरवीत कीं, मनगटास बांधावयाचा पट्टा तुटून दांडा हातांतून भिरकावला जाई, आणि २००६ च्या डिसेंबरांत कंपनीस सुमारें बत्तीस लाख पट्टे बदलून देण्याचें जाहीर करावें लागलें. त्या मंडळीस तरी खरा व्यायाम घडला असावा!

ज्यांनीं ह्या गोष्टी मोजून पाहिल्या त्यांचेंही म्हणणें असेंच आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील संशोधकांनीं १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींवर प्रयोग करून त्याचा निष्कर्ष २००७ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. बसून खेळण्यापेक्षां हे खेळ खेळतांना शक्ति अधिक खर्च होते हें खरें; पण तोच खेळ मैदानावर खेळण्याइतकी ती होत नाहीं, आणि मुलांच्या रोजच्या आवश्यक व्यायामांत जमा धरावी इतकीही नाहीं. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें तर मुलांच्या घरीं हीं यंत्रें देऊन १३ आठवडे नजर ठेवण्यांत आली. हालचालीचे खेळ मिळालेलीं मुलें आणि बसून खेळावयाचे खेळ मिळालेलीं मुलें ह्यांच्या एकंदर हालचालींत कांहींच फरक आढळला नाहीं. २०१२ सालीं तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

पण इतक्या दूर जाण्याचें तरी काय कारण? कृष्णेच्या ह्या खोऱ्यांत शरीरबलाची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकीं नऊ सातारा व सांगली ह्या दोनच जिल्ह्यांत आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. कुस्तीची नक्कल हा दांडा कशी करणार, हें विचारण्यांतही अर्थ नाहीं. अंगावर दुसऱ्या मनुष्याचा भार आल्यावांचून डाव म्हणजे काय हेंच कळत नाहीं.

धनुर्विद्येचें उदाहरण मात्र अधिक विचार करण्याजोगें आहे, कारण यंत्राच्या खेळांत तिचा समावेश झालेला आहे. २००९ च्या एका क्रीडासंचांत एक दांडा धनुष्यासारखा उभा धरावयाचा आणि दुसरा दोरीसारखा मागें ओढावयाचा, अशी योजना होती. पाहणारास ती हुबेहूब वाटे. उणें इतकेंच कीं, खरी दोरी ओढणारास उलट ओढते. ही ओढीत नाहीं. साताऱ्याच्या आदिति स्वामी ह्यांनीं २०२३ च्या ऑगस्टांत वयाच्या १७ व्या वर्षीं बर्लिन येथें कम्पाउंड धनुष्याच्या प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. निशाण ५० मीटरांवर, दहा गुणांचें वर्तुळ अवघें ८ सेंटिमीटर व्यासाचें. अंतिम सामन्यांत १५ बाणांत त्यांनीं १४९ गुण घेतले, म्हणजे एकच बाण त्या वर्तुळाबाहेर गेला. त्याच स्पर्धेंत पुरुषांमध्यें जिंकलेले ओजस देवतळे नागपूरचे असले तरी साताऱ्यांतच शिकलेले. ह्या धनुष्यास चाकें असतात, त्यामुळें दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार हलका होतो. परंतु तेथपर्यंत ती पाठीच्या बळावरच न्यावी लागते, आणि ती रोज, शेंकडों वेळां. भार जेथें उलट ओढतो तेथेंच स्नायु वाढतो. पडद्यावरच्या धनुष्यांत नेमका तोच भार गाळलेला आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ह्या यंत्राच्या समर्थनार्थ दिलें जाणारें एक कारण आम्हांस सर्वांत घातक वाटतें. तें असें कीं, मुलींना घरच्या घरीं खेळतां येईल, मैदानावर पाठवावयास नको. हें बोलणारे आईबाप वाईट नसतात. मैदान दूर असतें, रस्ता अंधाराचा असतो, शेजारी नांवें ठेवितात. तथापि सांगलीच्या स्मृति मानधना, ज्यांचा संघ २०२५ च्या नोव्हेंबरांत विश्वचषक जिंकला, त्या दिवाणखान्यांत घडल्या नाहींत. माण तालुक्यांतील मोहीच्या ललिता बाबर ह्यांनीं २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरी गांठली ती दुष्काळी मुलुखांतल्या रस्त्यांवर धांवून. मैदानाची वाट अंधाराची असेल तर नगरपालिकेकडे दिव्यांची मागणी करावी. त्या दिव्यांच्या ऐवजीं मुलीच्या हातीं जॉयस्टिक देणें हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून हें यंत्र अजीबात त्याज्य आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. आषाढ-श्रावणांत मैदानावर गुडघाभर चिखल असतां भावंडांनीं घटकाभर त्यावर मन रमविलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. शिवाय ह्याचा जो दोष आम्हीं वर सांगितला तोच एके ठिकाणीं गुण होतो. ज्याचे पाय चालत नाहींत, ज्याच्या ताब्यांत केवळ एक मनगट आहे, अशा मुलास त्या मनगटाच्या बळावर धडधाकट भावाशीं टेनिस खेळतां येतें, आणि पडद्यावरची बाहुली त्याच्याकरितां धांवते. अर्धांगवायूच्या रोग्यांविषयीं मात्र अपेक्षा बेताची असावी. चार देशांतील १४१ रोग्यांवर ‘वी’ चा प्रयोग होऊन २०१६ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, हात सुधारण्याच्या कामीं हें यंत्र पत्ते किंवा डॉमिनो खेळण्याहून सरस ठरलें नाहीं. हात दोन्हींकडे सारखेच सुधारले. म्हणजे ज्यास पत्त्यांचा कंटाळा आला असेल त्यानें दांडा घ्यावा, आणि ज्यास यंत्र परवडत नसेल त्यानें पत्ते पिसावे.

तेव्हां एखाद्या शाळेस उदार गृहस्थाकडून असें यंत्र मिळालें, तर तें व्यायामशाळेंत न मांडतां, जीं मुलें मैदानाच्या कडेला बसून इतरांचा खेळ पाहतात त्यांच्या स्वाधीन करावें. आणि तो गृहस्थ रोख रक्कमच देऊं म्हणाला, तर मैदानाच्या कुंपणास व दिव्यास ती आधीं मागून घ्यावी.