पेटी की रांजण? : ग्रीक पुराणकथांच्या अध्यापनाविषयी

शालेय विद्यार्थ्यांना ग्रीक पुराणकथा नुसत्या सांगू नयेत, त्यांच्याकडून काही करवून घ्यावे, हा विचार पाश्चात्त्य शिक्षणात आता रुळला आहे. ग्रीसमध्ये प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत इतिहासाचा आरंभच पुराणकथांनी होतो. इंग्लंडच्या २०१४ पासूनच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातही प्राथमिक स्तरावर प्राचीन ग्रीसचा समावेश आहे. या निमित्ताने मुले देवदेवतांची वंशावळ रेखाटतात, मुखवटे करतात, पुठ्ठ्यातून पँडोराची पेटी घडवितात. या पद्धतीला विरोध करण्याचे कारण नाही. ज्या कथा अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात मुखवटे धारण करून सादर होत, त्या मुलांनी वहीत उतरवून घेण्यापेक्षा वठविणे केव्हाही श्रेयस्कर. प्रश्न एवढाच, की या कृतींतून मुलांच्या हाती नेमके काय लागते?

पँडोराचेच उदाहरण घ्यावे. हेसिअडच्या काव्यात पेटी नाहीच. तेथे आहे तो ‘पिथॉस’, म्हणजे धान्य, तेल वा मद्य साठविण्याचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिन लेखनात या रांजणाची पेटी झाली आणि युरोपीय भाषांत तीच रूढ झाली. हा फरक किरकोळ नव्हे. पेटीची कथा कुतूहलाची कथा ठरते. रांजणाची कथा कष्टकरी कुटुंबाच्या साठ्याशी जाऊन भिडते. मायडसच्या कथेचेही तसेच. स्पर्शाने सोन्याची झालेली त्याची मुलगी ओव्हिडच्या काव्यात नाही. बालवाचकांना ती भेटली नॅथॅनिअल हॉथॉर्नने १८५१ मध्ये केलेल्या पुनर्कथनातून. पुनर्कथनात दोष नाही. दोष आहे तो एका पुनर्कथनाला ‘मूळ कथा’ म्हणून वर्गात प्रतिष्ठित करण्यात.

वंशावळीचा तक्ता हा दोष अधिकच दृढ करतो. होमरच्या मते ॲफ्रोडायटी ही झ्यूस आणि डायोनी यांची कन्या. हेसिअडच्या मते ती सागराच्या फेसातून जन्मली. तक्त्यात रेघ एकच ओढता येते, म्हणून शिक्षक एक मत निवडतो आणि दुसरे निमूटपणे गळते.

यापेक्षा फलदायी कृती ‘इलियड’मध्येच दडलेली आहे. पहिल्या सर्गात हिफेस्टस आपली आई हेरा हिला सांगतो, की तिचा कैवार घेतला म्हणून झ्यूसने त्याला पाय धरून स्वर्गातून फेकले आणि दिवसभर कोसळत तो लेम्नॉसवर पडला. अठराव्या सर्गात थेटिस घरी आली असता तोच सांगतो, की तो लंगडा म्हणून आईनेच त्याला टाकले आणि थेटिसने त्याला वाचविले. वर्गाचे दोन गट करावेत, प्रत्येकाने एक कथन सादर करावे आणि मग एकच प्रश्न चर्चेस घ्यावा : एकाच देवाने एकाच पतनाच्या दोन कथा कोणाला आणि का सांगितल्या? रागावलेल्या आईची समजूत घालताना एक आठवते, उपकारकर्तीचे स्वागत करताना दुसरे. श्रोता बदलला की कथा बदलते, हे मुलांना येथे व्याख्यानाविना उमगेल.

अनेक पाठांनी मुले गोंधळतील, असा आक्षेप येईल. परंतु आजीची गोष्ट आणि पुस्तकातील गोष्ट यांत पडणारे अंतर मुलांना नवे नसते. गोंधळ होतो तो त्यांतील एकच खरी, असा आग्रह धरल्याने.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. वाल्मीकी, कंबन आणि कृत्तिवास यांच्या रामकथा एकमेकींच्या प्रती नव्हेत, हे त्यांना सांगावे लागत नाही. तरीही रामकथेच्या अनेकत्वावरील ए. के. रामानुजन यांचा निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाने इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमातून वगळला. जे अनेकत्व पदवीच्या विद्यार्थ्यालाही पेलणार नाही असे मानले गेले, ते पेलण्याची सवय लागायची ती शाळेतच. ग्रीक देव भारतीय वर्गात कोणाच्या श्रद्धेचा विषय नाहीत. तेथे दोन कथा शेजारी ठेवताना कोणाचे मन दुखावत नाही. म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे. मात्र तो आरंभच असावा. हिफेस्टसच्या दोन कथा निर्धास्तपणे ऐकणाऱ्या वर्गाला सीतेच्या दोन कथाही तितक्याच निर्धास्तपणे ऐकता आल्या, तरच पुठ्ठा आणि रंग यांवरील श्रम कारणी लागले असे म्हणता येईल.