जाहीर चूक, खाजगी दुरुस्ती

वार्षिक स्नेहसंमेलनातील बक्षीस-समारंभ हा आपल्यापैकी बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. पाहुण्यांचे भाषण लांबते, मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. अशाच एका समारंभात आठशे मीटर धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या माझ्या वर्गातील एका मुलीऐवजी दुसरीचेच नाव पुकारले गेले. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली आणि तिला निरोप गेला, "कचेरीतून प्रमाणपत्र घेऊन जा." ती गेली नाही. एवढ्याशा कागदासाठी केवढा हा ताठा, असे पुष्कळजण म्हणाले. त्यांत मीही होतो. आज माझे मत बदलले आहे, आणि त्याला कारण झाली साठाहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेली एक मोटारींची शर्यत.

ही शर्यत 'स्टॉक कार' प्रकारची. मुळात हा खेळ खास शर्यतीसाठी घडविलेल्या यंत्रांचा नव्हे. दुकानात विकत मिळणाऱ्या गाड्याच फेरफार करून पिटाळायच्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू रातोरात, पोलिसांना चुकवून पोचविणाऱ्या चालकांतून या खेळाचे कित्येक पहिले शर्यतपटू निघाले. १९४८ साली 'नॅस्कार' ही संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिने बिनफेरफाराच्या गाड्यांची पहिली शर्यत भरविली. तीत पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेच्या गाडीच्या मागील स्प्रिंगांत नियमबाह्य बदल केलेला आढळला. त्याला बाद करून जिम रोपरला विजयी ठरविण्यात आले. तात्पर्य, निकाल तपासून पाहणे आणि प्रसंगी फिरविणे या संस्थेला पहिल्या शर्यतीपासून चांगले ठाऊक होते.

आता १ डिसेंबर १९६३. फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा मार्ग, दोनशे फेऱ्या, म्हणजे शंभर मैल. ३४ क्रमांकाच्या शेव्हरोले गाडीत बसला होता वेंडेल स्कॉट, व्हर्जिनियातील डॅनव्हिल गावचा कृष्णवर्णीय चालक. त्याने टॅक्सी चालविली होती, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या होत्या, आणि चोरटी दारूही वाहिली होती. पाठीशी मोठी कंपनी नाही. गाडी स्वतःची, दुरुस्ती स्वतःची, मदतीला घरची मुले.

त्या दिवशी स्कॉट जिंकला. परंतु विजयाचा चौकटींचा झेंडा पडला तो बक बेकरसाठी. बेकर हा दोन वेळचा राष्ट्रीय विजेता, गौरवर्णीय. टाळ्या त्याला, करंडक त्याला. स्कॉटने हरकत घेतली. कित्येक तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, अधिकाऱ्यांनी मान्य केले की फेऱ्या मोजण्यात चूक झाली. स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता. बक्षिसाची रक्कम त्याला देण्यात आली. करंडक मात्र तोवर बेकरबरोबर निघून गेला होता.

त्या काळी फेऱ्या हातानेच मोजल्या जात. धुळीच्या लोटात, लहान मार्गावर, एकमेकींना फेऱ्यांनी मागे टाकणाऱ्या गाड्या मोजताना चूक होणे अगदी संभवनीय आहे. म्हणून ती चूक हेतुपुरस्सर होती असे मी सिद्ध करू पाहत नाही. स्कॉटचे स्वतःचे मत मात्र स्पष्ट होते. विजेत्याने सुंदरीचे चुंबन घ्यायचे अशी त्या समारंभाची रीत. काळ्या माणसाने गोऱ्या प्रेक्षकांसमोर ती पाळावी हे अधिकाऱ्यांना नको होते, असे तो म्हणे. वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, आणि नागरी हक्कांचा कायदा व्हायला अजून सात महिने अवकाश होता. या पार्श्वभूमीवर त्याचा संशय अनाठायी होता असे कोण म्हणेल?

पण वादासाठी धरून चालू की चूक निव्वळ गणिताची होती. तरी प्रश्न उरतोच. चूक हजारो डोळ्यांसमोर झाली. दुरुस्ती रिकाम्या मैदानात का? पैसे मिळाले, नोंद झाली, मग कपासाठी एवढे काय, असे विचारणाऱ्यांना बक्षीस म्हणजे काय हेच उमगलेले नसते. रक्कम माणसाला मिळते. बक्षीस त्याला लोकांदेखत मिळते. त्यातील 'लोकांदेखत' वगळले, तर उरते ती मजुरी.

स्कॉटने पुढे १९७३ साली टॅलाडेगा येथील भीषण अपघातापर्यंत शर्यती केल्या. वरिष्ठ श्रेणीतील ४९५ शर्यतींत १४७ वेळा तो पहिल्या दहांत आला, पण विजय तो एकच. १९९० साली तो वारला. २०१५ साली नॅस्कारने आपल्या सन्मानमंदिरात त्याला स्थान दिले. आणि २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे प्रेक्षकांसमोर त्याच्या कुटुंबीयांना त्या शर्यतीचा नवा करंडक अर्पण केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बब्बा वॉलेस हा त्या श्रेणीत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय चालक ठरला. मध्ये जवळजवळ ५८ वर्षे गेली होती.

काहीजण याला निव्वळ देखावा म्हणतील. मला ते पटत नाही. उशिरा का होईना, दुरुस्ती जाहीरपणे झाली हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे स्कॉटला न्याय मिळाला असे म्हणून कोणी स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. स्कॉटला तो मिळाला नाही. संस्थेने स्वतःचे थकलेले देणे फेडले, इतकेच. न्याय त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, एक ध्वनिक्षेपक हाती घेऊन देता आला असता. त्याला खर्च काहीच नव्हता. लागणार होते ते "आम्ही चुकलो" हे दोन शब्द.

माझ्या त्या वर्गमैत्रिणीला हे सारे त्या दिवशीच कळले होते. मला त्यासाठी जॅक्सनव्हिलला जावे लागले. या लेखात तिचे नाव छापावे असे माझ्या मनात होते. तिने नको म्हटले. ती म्हणाली, "तू कशाला? नाव चुकवले व्यासपीठाने. घ्यायचे तर त्यानेच घ्यावे."

यंदाचे संमेलन जवळ आले आहे. व्यासपीठ तेच आहे.

(तृतीय वर्ष, कला)