मांजरी नव्हे, मांजर्ली



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि हुमणी यांच्या पलीकडे जात नाही. या वेळी सहलीवर लिहीत आहोत. ऊस विकास विभागाला दुसरे काम उरले नाही काय, असे कोणी म्हणेल. म्हणावे, पण वाचून झाल्यावर म्हणावे.

गेल्या सप्टेंबरात आमच्या पुतण्याच्या मुलाचे बारसे होते. पुतण्या बदलापूरला मांजर्ली भागात राहतो. आम्ही जाणार हे कळताच आमच्या गटातले चार सभासद "आम्हीबी येतो" म्हणून तयार झाले. चौघांपैकी तिघांनी मांजरी ऐकले होते, हे पुढे कळले. पुण्याजवळच्या मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. बेण्यासाठी, प्रशिक्षणासाठी आपल्या लोकांची तिथे नेहमीची ये-जा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री पुणे सोडले तेव्हा एकजण दचकून उठला. "सायेब, मांजरी गेली की वो मागं!" मग त्यांना सांगितले की आपल्याला घाट उतरून कल्याणला जायचे आहे आणि तिथून लोकलने उलटे बदलापूरला यायचे आहे. आता आलोच आहोत तर चला, असे ठरले.

बारसे एका सकाळी आटोपले. पुढचे तीन दिवस पुतण्याच्या घरी टीव्हीसमोर बसून काढायचे आमच्या जिवावर आले. आपली बरीच पोरे आता कल्याण-बदलापूर पट्ट्यात नोकरीला आहेत. आई-बाप त्यांच्याकडे जातात, चौथ्या मजल्यावर आठ दिवस बसतात आणि गुडघे धरून परत येतात. त्या गावाच्या आजूबाजूला सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल अशी किती ठिकाणे आहेत, हे ना पोरे सांगत, ना आपण विचारत.

पहिल्या दिवशी अंबरनाथचे शिवमंदिर पाहिले. बदलापूरहून कल्याणच्या बाजूला लोकलचे पुढचेच स्थानक. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ, त्यावरचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. गाभारा जमिनीच्या पातळीवर नाही, पायऱ्या उतरून खाली जावे लागते. बाहेरच्या दगडावर एक वीत जागा कोरीवकामाशिवाय सापडणार नाही. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्याकडे पाहून मात्र आमच्यातल्या आबांनी नाकाला धोतराचा सोगा लावला.

माथेरानही झाले. बदलापूरहून कर्जतच्या बाजूला नेरळ हे तिसरे स्थानक, तिथून वर. गाड्या दस्तुरी नाक्यावर सोडून पुढे चालायचे. डोंगर सुंदर आहे यात वाद नाही, पण रविवारी जाऊ नये. आम्ही रविवारीच गेलो.

कोंडेश्वर बदलापूरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. महादेवाचे देऊळ, धबधबा आणि खाली डोह. हा डोह दिसायला शांत, पण दर पावसाळ्यात त्यात कोणी ना कोणी बुडाल्याची बातमी येते. म्हणून पावसाळ्यात प्रशासन अशा जागांवर बंदीही घालते. आमच्यातल्या तरुण सभासदाने बनियन काढायला हात घातला तसे आबा गरजले, "कॅनॉलमधी पवलास म्हून हितं पवशील व्हय?" विहिरीत आणि कालव्यात पोहणाऱ्याला डोंगरातल्या पाण्याचा अंदाज येत नाही. वर पाऊस झाला की खाली लोंढा येतो, आणि तो सांगून येत नाही. देवदर्शन करावे, लांबून पाणी पाहावे आणि परत फिरावे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मांजर्लीहून उल्हास नदी जवळ आहे. संध्याकाळी पुलावर उभे होतो. पाऊस उघडला होता, नदी भरून चालली होती. आम्ही सहज म्हणालो, "आबा, यात थोडं आपल्या भीमेचंबी पाणी आहे." आबांना थट्टा वाटली. मग समजावून सांगितले. मावळात ठोकरवाडीला टाटांचे धरण आहे, आंद्रा नदीवर. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि भीमा उजनीत. धरण नसते तर ते पाणी पूर्वेला, आपल्याकडे आले असते. पण 1922 पासून ते सह्याद्रीवरून पश्चिमेला भिवपुरीला उतरवतात, वीज करतात, आणि वीज झाल्यावर ते पेज नदीतून उल्हासला येते. उन्हाळ्यातही उल्हास वाहती राहते ती मुख्यतः या पाण्यावर. काठची शहरे तेच पितात.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे गाव उजनीच्या फुगवट्यात गेलेले. मग म्हणाले, "म्हंजी ह्या पोराच्या बारशाचा सैपाक आपल्याच पाण्यावर झाला म्हना की."

टाटांचे पाणी पूर्वेला वळवा, ही मागणी आपल्याकडे सभांमधून वर्षानुवर्षे होते. आम्हीही त्याला टाळ्या वाजवल्या आहेत. मागणी सोडावी असे आमचे म्हणणे नाही. पण ती करणाऱ्याने एकदा हा पूल आणि ही वस्ती पाहावी, आणि शक्य झाले तर भिवपुरीपर्यंत जाऊन यावे. वीजघरात आपल्याला सोडणार नाहीत. त्या खोऱ्यात राजनाला नावाचा कालवा आहे. त्याच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातले शेतकरी उन्हाळी भात घेतात. पाणी 'मुंबईवाले' नेतात असे आपण म्हणतो, त्यात हा भातवालाही आला, आणि आपला पुतण्याही आला. मागायचेच तर कोणाच्या तोंडचे मागतो आहोत, एवढे तरी डोळ्यांनी पाहिलेले असावे.

शेवटच्या दिवशी बारवी धरणाकडे गेलो. वाटेत मूळगावचा खंडोबा आहे, चौघांनीही पायऱ्या चढून भंडारा लावला. बारवी ही उल्हासची उपनदी. धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, पाणी ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना. धरणाची उंची वाढवल्यावर 2019 च्या पावसाळ्यात पाणी वरच्या पातळीला चढले आणि आणखी वस्त्या उठल्या. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना एक म्हातारबाबा भेटले. त्यांचे घर त्या पाण्याखाली गेलेले. आबांनी पहिला प्रश्न केला, "देव हलवला का अगुदर?" त्यांनी मान हलवली. मग दोघे तासभर बोलत बसले. कोणाची विहीर कुठे राहिली, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कोणत्या भिंती दिसतात, आंब्याचे झाड किती वर्षांचे होते. धरणाकडे पाठ करून बसले होते दोघे. आम्ही फोटो काढायचे विसरलो.

परतीच्या गाडीत आबांनी आम्हाला जे विचारले त्याला आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते. "सायेब, त्या माणसाचं घर गेलं, माझं गेलं, तवा ही पानी झाली. अन आमचं ल्योक रातीला मोटर चालू करून झोपत्यात. सकाळी बांधावरनं पानी रस्त्याला. हे बरं दिसतं का?" पाटाने दिलेल्या पाण्यापेक्षा ठिबकवर साधारण 30 ते 40 टक्के पाणी वाचते, पाचट सरीत ठेवले तर ओल टिकते, हे आम्ही या पानावर इतक्या वेळा लिहिले आहे की जुळाऱ्यालाही पाठ झाले असेल. मेळाव्यात सांगितले की सभासद घड्याळाकडे बघतात. आबांनी दिवाळीनंतर दोन एकरांवर ठिबक केले. आमच्या भाषणाने नव्हे.

म्हणून आम्ही व्यवस्थापनाला लेखी सुचवले आहे की सभासदांच्या दौऱ्यात एक बस या बाजूला सोडावी. आजवरचे दौरे म्हणजे चार देव, दोन ढाबे आणि मांजरीत दीड तास, त्यातही अर्धा तास सामूहिक फोटोला. देवाला आमची ना नाही, खंडोबा या वाटेवरही आहे. पण रात्रीचा प्रवास धरून दोन दिवसांत हे सगळे होते, आणि ज्यांची पोरे त्या पट्ट्यात आहेत त्यांची भेटही होते. काही संचालकांचे म्हणणे पडले की लोक असल्या रुक्ष सहलीला यायचे नाहीत. आम्हाला तसे वाटत नाही. डोंगर, नदी, देऊळ सगळे तिथे आहे.

काळ सप्टेंबरअखेरचा बरा. जोराचा पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि गळीत सुरू व्हायला वेळ असतो. जांभळे खायची असतील तर मात्र जूनच्या सुरुवातीला जावे लागेल. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण इमारती वाढल्या तशी झाडे कमी होत चालली आहेत. एकेका झाडाखाली उभे राहून आमच्या तरुण सभासदाने फुटव्यासारखी झाडे मोजली, ती बोटांवर आली.

ज्यांना यायचे आहे त्यांनी पोळ्याच्या आत आपल्या गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे नाव द्यावे. पायात पकड असलेला बूट किंवा चप्पल असावी, सोबत छत्री आणि रोजचे औषध घ्यावे. पोहण्याचे कपडे आणू नयेत. आणि नाव लिहून घेणाऱ्याला मांजर्ली असे दोनदा सांगावे.