एकच प्रत, एकच पत्ता

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती अन्य कारणांनी परिचित असते. माथेरानला जन्मलेल्या आणि कन्नडमधून नाटके लिहिणाऱ्या गिरीश कार्नाड यांचे अनेक वर्षे येथे वास्तव्य होते. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ उभारलेले ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृहही २००४ पासून येथेच आहे. कार्नाडांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी आणि ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणले. तेव्हा मराठी-कन्नड नाट्यसंबंधांचा शोध घेणाऱ्याने या वसाहतीत बिऱ्हाड करावे, हे स्वाभाविकच होय. पण या अभ्यासकाचे ग्रंथालय आता बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर असते. आणि जेथे संकेतस्थळे बांधणारे अभियंते घरोघरी आढळतात, त्याच शहरात एखाद्या सकाळी ते ग्रंथालय उघडत नाही. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे समजून साहित्याचे अभ्यासक स्वस्थ बसतात. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

सेवा खंडित होण्याचे तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला केवळ पत्ता हरवण्याचा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील एक नोंद स्वयंचलित व्यवस्थेतील दोषामुळे रिकामी झाली, आणि जगभरातील असंख्य सेवा काही तास ठप्प झाल्या. वस्तू जागेवर होती. तिच्याकडे जाण्याची वाट तेवढी बुजली होती.

दुसरा प्रकार परावलंबनाचा. संकेतस्थळ बांधणारा आज सारे काही स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहिलेले लहानमोठे भाग तो दुरून मागवून जोडतो. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून ‘लेफ्ट-पॅड’ हा आपला जेमतेम अकरा ओळींचा भाग मागे घेतला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. हे दोन्ही प्रकार त्रासदायक खरे, पण ते लवकर दुरुस्त होतात. कारण त्यांत मोठ्यांचे आर्थिक हित गुंतलेले असते.

तिसरा प्रकार उपेक्षेचा आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत घातक. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प सुरू झाला. भारतीय भाषांतील लक्षावधी पुस्तकांची पाने त्यात प्रतिमांकित झाली. मराठीतील कितीतरी जुने, पुनर्मुद्रण न झालेले ग्रंथ अभ्यासकाला प्रथमच घरबसल्या दिसू लागले. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. चार लाखांहून अधिक पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आधीच उतरवली गेली होती, म्हणून ती वाचली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये या आश्रयस्थानावरच हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेही बंद राहिले. संग्रह सुरक्षित होता. परंतु त्या दिवसांत किती अभ्यासकांपाशी आपल्या आधारग्रंथाची स्वतःची प्रत होती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला हा अनुभव नवा नाही. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. तिच्या पाठभेदांचा गुंता अभ्यासक आजही सोडवीत आहेत. एकाच प्रतीवर विसंबल्याची ही किंमत होय. त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. मठामठांतून प्रती होत्या, पण वाचता येणारा बाहेरचा कोणी नव्हता. वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती कोंडी फोडली. प्रती पुष्कळ असणे आणि लिपी उघडी असणे, या दोन्ही गोष्टी मिळूनच ग्रंथ टिकतो.

आपल्या काळातही एक सकळ लिपी घडली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या व्यापारी फाँटांत टंकलिखित होत असे, आणि प्रत्येकाची संकेतव्यवस्था निराळी होती. तो फाँट किंवा ती प्रणाली हाताशी नसेल, तर फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. नियतकालिकांचे अंक, शब्दसूची, प्रबंध असे किती लेखन या अवस्थेत पडून असेल!

यावर असे म्हटले जाईल की, मोठ्या कंपन्या विद्यापीठांपेक्षा अधिक दक्षतेने संग्रह सांभाळतात. तासांच्या हिशेबात हे मान्य करावे लागेल. परंतु वाङ्मयाचा हिशेब शतकांचा असतो, आणि ज्या ग्रंथाला ग्राहक नाही त्याची काळजी बाजाराने घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक भाषाविभागाने आपल्या आधारसामग्रीची प्रत स्वतःपाशी आणि दुसऱ्या एखाद्या संस्थेपाशी ठेवावी. साहित्यविषयक संकेतस्थळे शक्य तितक्या साध्या, युनिकोडमधील पानांवर बांधावीत, म्हणजे दूरचा एखादा भाग नाहीसा झाला तरी पान वाचता येईल. आणि प्रबंधात पत्ता नोंदवण्याबरोबरच पाहिलेली प्रत कोठे जतन केली आहे, हेही नोंदवावे. हस्तलिखितांच्या बाबतीत जी शिस्त आपण विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतो, तीच पडद्यावरच्या पानाला लावायची आहे. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखकूला हे कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.